माळवदांतला कवडसा

माझें आजोळचें घर माळवदाचें होतें. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांकरितां सांगावयाचें तर, दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, त्यांवर सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या, आणि त्या सर्वांच्या डोक्यावर हातभर जाडीचा मातीचा थर, असें तें घर असे. वैशाखांतल्या दुपारीं आंत थंडावा असे, तसा काळोखहि असे. माजघराच्या छतास उजेडाकरितां वीतभर लांबीरुंदीचा एक झरोका ठेविलेला होता. दुपार कलूं लागली म्हणजे त्यांतून ऊन आंत येई व तिरप्या खांबासारखें जात्याशेजारीं येऊन टेके. त्या खांबांत असंख्य सूक्ष्म कण वर-खालीं तरंगत असत. आम्ही मुलें त्यांत हात घालून तो पकडण्याचा उद्योग करीत असूं, आणि आजी रागें भरे. कारण आमच्या धांगडधिंग्यानें जी धूळ उडे ती तिच्या निवडलेल्या तांदुळांवर जाऊन बसे.

आपण उजेड पाहत आहों अशी आमची समजूत होती. वस्तुतः आम्ही पाहत होतों ती धूळ. प्रकाश हा जगांतील सर्व वस्तु दाखवितो, परंतु तो स्वतः वाटेनें जात असतांना बाजूनें कोणासहि दिसत नाहीं. वाटेंत कांहीं आडवें आलें, आणि त्यावर आपटून त्याचा अल्पस्वल्प भाग आपल्या डोळ्यांकडे वळला, तरच आपणांस त्याची वाट कळते. पौर्णिमेच्या रात्रीं चंद्राकडे जाणारा सूर्यप्रकाश पृथ्वीच्या चहूं बाजूंनीं वाहत असतो. पण त्याला अडविणारें वाटेंत कांहीं नाहीं, म्हणून आकाश काळें दिसतें आणि चंद्र तेवढा उजळतो. आजोळच्या घरांत धूळ नसती तर आमचा तो खांबहि नसता. जमिनीवरचा एक उजळ तुकडा तेवढा दिसला असता.

प्रकाशाची व पदार्थाची ही जी गांठ पडते, तिच्याविषयीं आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. ती गांठ मुळींच पडूं नये म्हणून आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत जो प्रचंड खटाटोप योजिला आहे, त्याचीहि हकीकत ओघानें येईल.

गेल्या दिवाळीस आमची नात लातुराहून नांदेडास आली. ती तेथें वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करीत असते. "लातूर पॅटर्न" या नांवानें तेथील अभ्यासाची पद्धति सबंध महाराष्ट्रांत गाजलेली आहे, आणि मुलें तेथें मनापासून कष्ट करतात यांत शंका नाहीं. पाण्याचा वक्रीभवनांक किती असें विचारतांच तिनें "१.३३" असें सांगितलें, कांचेचा विचारा, हिऱ्याचा विचारा, उत्तर जिभेवर तयार. मग मीं तिला स्वयंपाकघरांत नेलें, एका पातेल्याच्या तळाशीं रुपयाचें नाणें ठेविलें आणि म्हटलें, "आतां मागें मागें सर. पातेल्याच्या कांठाआड नाणें झांकलें गेलें कीं तेथेंच उभी रहा." ती उभी राहिली. मीं तांब्यानें हळूहळू पाणी ओतूं लागलों. पातेलें अर्धें भरलें न भरलें तोंच ती ओरडली, "आजोबा, नाणें वर आलें!"

अंक तिला दोन वर्षांपासून पाठ होता. त्या अंकानें नाणें वर उचललें जातें ही बातमी तिला त्या दिवशीं लागली. यांत दोष मुलीचा नव्हे. ज्या परीक्षेंत उत्तराची खूण करावयास जेमतेम एक मिनिट मिळतें, तिच्या तयारींत पातेल्यास व तांब्यास जागा कोठून असणार?

रिकाम्या अवकाशांत प्रकाश सेकंदास २,९९,७९२ किलोमीटर चालतो. हवेंत हा वेग सेकंदास सुमारें ९० किलोमीटरांनीं घटतो, म्हणजे जवळजवळ घटतच नाहीं. परंतु पाण्यांत तो सुमारें २,२५,००० किलोमीटर, साध्या कांचेंत २,००,००० आणि हिऱ्यांत तर १,२४,००० वर येतो. नातीनें सांगितलेला १.३३ हा अंक म्हणजे पाण्यांत प्रकाश किती पटीनें मंदावतो याचेंच माप होय. मंदावण्याचें कारण असें कीं, पदार्थाच्या अणूंतील इलेक्ट्रॉन प्रकाशाची लहर येतांच तिच्या तालावर हालूं लागतात, आणि हालतां हालतां स्वतःहि लहरी सोडतात. मात्र किंचित् मागाहून. मूळची लहर आणि या मागाहून निघालेल्या लहरी मिळून जी एक लहर होते, तिचीं शिखरें सावकाश पुढें सरकतात.

पण मंदावल्यानें वळण कां यावें? पंढरीस जाणारी दिंडी डोळ्यांपुढें आणावी. चार-चार, सहा-सहा वारकऱ्यांच्या रांगा सडकेनें सारख्या पावलांनीं चालल्या आहेत. सडक सोडून त्यांस पावसानें भिजलेल्या काळ्या रानांत शिरावयाचें आहे, आणि रानाची हद्द तिरपी आहे. रांगेंतला डावीकडचा वारकरी प्रथम चिखलांत पाय ठेवतो. आमच्या काळ्या मातीचा चिखल कसा असतो हें ज्यानें तो तुडविला आहे त्यासच ठाऊक; पावलागणिक शेर शेर माती पायास चिकटते. त्याची चाल मंदावते. उजवीकडचा अजून सडकेवर असल्यामुळें पहिल्याच चालीनें पुढें जातो, आणि कोणी न सांगतां सबंध रांग डावीकडे वळते. रानाची हद्द अगदीं समोरासमोर आडवी असती तर सगळे एकदम मंदावले असते, पण वळले नसते. पाण्यांत शिरणाऱ्या आणि पाण्यांतून निघणाऱ्या किरणाची गोष्ट हीच आहे. निघतांना वळण उलट दिशेस, एवढेंच.

हा प्रकार पातेल्यांत गमतीचा असतो; नदींत नसतो. मी अकरा वर्षांचा असतांना मार्गशीर्षांत एकदां गोदावरीच्या घाटावर गेलों होतों. पाणी नितळ होतें, तळचे गोटे मोजून घ्यावे असे दिसत होते. पाणी छातीइतकें असेल असा अदमास करून मीं शेवटच्या पायरीवरून उडी टाकली, आणि पाय टेकण्यापूर्वींच नाकातोंडांत पाणी गेलें. जवळच जाळें टाकीत असलेल्या एका भोयानें मला शेंडी धरून बाहेर काढलें. शेंडीचा त्या दिवशीं जो उपयोग झाला, तो पुढें कधीं झाला नाहीं. सरळ खालीं पाहिलें असतां चार फूट पाणी तीनच फूट भासतें. कांठावरून तिरपें पाहिलें तर त्याहूनहि उथळ. चार-सव्वाचार फूट उंचीच्या मुलाच्या बाबतींत ही चौथाईची चूक प्राणांवर बेतते. ज्या घरांतलीं मुलें सुटींत नदीवर, विहिरीवर किंवा तलावावर जातात, तेथील वडील माणसांनीं नाण्याचा प्रयोग त्यांस अवश्य करून दाखवावा. सूत्र मागाहून शिकलीं तरी चालेल.

हवेंतहि अशीं वळणें पडतात. नांदेडाहून लोहा-अहमदपुरावरून लातुरास जाणाऱ्या सडकेवर वैशाखाच्या दुपारीं पुढें पाण्याचीं डबकीं चमकतात आणि जवळ जातां नाहींशीं होतात. तापलेल्या डांबरालगतची हवा विरळ होते. विरळ हवेंत प्रकाश किंचित् जलद चालतो. त्यामुळें आकाशाकडून तिरपा उतरणारा किरण जमिनीस न टेकतां वर वळून आपल्या डोळ्यांत शिरतो. आपण पाणी म्हणतों तें सडकेवर दिसणारें आकाशच असतें. मृगजळास मायेचा दाखला देण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु मृगजळ छायाचित्रांतहि उमटतें. तेव्हां डोळा बिचारा निर्दोष आहे, वांकडी असते ती किरणाची वाट.

त्या दिवशीं स्वयंपाकघरांतला आमचा मुक्काम बराच लांबला. नातीची आजी लाडू वळीत होती. डब्यांतला खडीसाखरेचा खडा मीं उचलला. त्यांतून खिडकीचे गज दिसत होते. शेजारीं परातींत पिठीसाखर होती, पांढरी शुभ्र. पदार्थ एकच, मग एक पारदर्शक आणि दुसरी पांढरी कां? प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर थोडा प्रकाश मागें फिरतो व थोडा वळून आंत जातो. कण लाखों झाले कीं आंत गेलेला प्रकाश या कणावरून त्या कणावर आपटत अखेर सगळाच बाहेर पडतो. त्यांतला कोणताहि रंग गिळला जात नसल्यामुळें साखर पांढरी. साबणाच्या फेसाचेंहि तसेंच. पाणी पारदर्शक, हवा पारदर्शक, आणि दोहोंच्या मिश्रणाचा फेस पांढरा.

चकल्या ज्या कागदावर काढून ठेविल्या होत्या त्यावर तेलाचे डाग पडले होते. तो कागद दिव्यापुढें धरला तों डागांच्या जागीं उजेड पलीकडून झिरपूं लागला. कागदाचे तंतु व त्यांमधली हवा यांतील प्रकाशाच्या वेगांत मोठें अंतर असतें, म्हणून पावलोपावलीं किरण भरकटतो. तेलानें हवेची जागा घेतली; तेलांतला आणि तंतूंतला वेग जवळजवळ सारखा; किरणास भरकटण्याचें कारण फारसें उरलें नाहीं. प्रयोगशाळेंतल्या बोरोसिल कांचेची दांडी खाद्य तेलांत बुडविली तर बुडालेला भाग जवळजवळ अदृश्य होतो, तोहि याच कारणानें. वेगांत फरक नसेल तेथें प्रकाश वस्तूची दखल घेत नाहीं, आणि मग आपणांसहि ती वस्तु दिसत नाहीं.

धातूंची तऱ्हा निराळी. त्यांतले पुष्कळ इलेक्ट्रॉन अणूंस बांधलेले नसून मोकळे असतात. लहर येतांच ते तिला पृष्ठभागावरूनच परत लावितात. चांदी बहुतेक सर्व रंग सारखे परतविते, म्हणून आरशाच्या कामीं ती उत्तम. सोनें निळ्या-जांभळ्या भागाचा बराचसा अंश शोषून घेतें. नांदेडास सचखंड गुरुद्वारा आहे; महाराजा रणजितसिंहांनीं ती वास्तु १८३२ ते १८३७ या काळांत बांधविली. तिच्या सोन्यानें मढविलेल्या घुमटावर सकाळचें ऊन पडलें म्हणजे जो रंग झळकतो, तो सूर्यप्रकाशांतून निळा भाग वजा जाऊन उरलेली शिल्लक होय. अत्यंत पातळ ठोकलेला सोन्याचा वर्ख उजेडापुढें धरला तर त्यांतून हिरवट प्रकाश पलीकडे येतो. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञानें १८५७ मध्यें याच गोष्टीवर प्रदीर्घ निबंध सादर केला होता.

भाऊबीज आटोपल्यावर नातीस पोंचविण्याकरितां मी तिच्याबरोबर संध्याकाळच्या एस्. टी.नें निघालों. लोहा मागें पडेपर्यंत अंधार झाला. गाडींत दिवा होता, बाहेर काळोख. खिडकीच्या कांचेंत नातीचा चेहरा दिसत होता आणि त्याच चेहऱ्यांतून पलीकडच्या शेतांतला एखादा दिवा सरकत जाई. कांचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शंभरांतले सुमारें चार भाग प्रकाश मागें फिरतो. दोन्ही पृष्ठभाग मिळून आठ. दिवसाहि हे आठ भाग असतातच, पण बाहेरच्या लखलखाटापुढें ते लोपून जातात. "एकाच कांचेनें कांहीं प्रकाश पलीकडे जाऊं द्यावा आणि कांहीं परत फिरवावा, एवढ्या गोष्टीवर दुधाळ्याचें यंत्र उभें राहावयाचें आहे," असें मी म्हणालों, तेव्हां तिनें हातांतलें पुस्तक मिटलें.

दुधाळा हें हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ तालुक्याचें गांव. औंढ्याचा नागनाथ ज्योतिर्लिंगांत गणिला जातो. ज्योतीच्या क्षेत्राशेजारींच प्रकाशाचें हें यंत्र यावें हा योगायोग मला तरी आवडतो. "लायगो-इंडिया" असें त्याचें नांव. केंद्रीय मंत्रिमंडळानें त्यास फेब्रुवारी २०१६ मध्यें तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्यें पूर्ण मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज २,६०० कोटि रुपयांचा आहे. अशीं दोन यंत्रें अमेरिकेंत आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं त्यांनीं प्रथमच गुरुत्वीय लहर टिपली. सुमारें १३० कोटि प्रकाशवर्षें दूर दोन कृष्णविवरें एकमेकांत विलीन झालीं, त्यांचा तो हेलकावा होता. अशा लहरींचा क्षीण संकेत यंत्राच्या गोंगाटांतून कसा वेचावा, या गणितांत पुण्याच्या आयुका संस्थेंतील प्रा. संजीव धुरंधर यांचें कार्य जगन्मान्य आहे.

यंत्राची रचना सांगावयास सोपी आहे. एका लेसर किरणाचे कांचेनें दोन भाग करावयाचे. ते काटकोनांत असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंत सोडावयाचे. टोकाच्या आरशांवरून परत आणून पुन्हा एकत्र मिळवावयाचे. एकाचें शिखर दुसऱ्याच्या दरींत बसेल अशी योजना असते, म्हणजे दोघे परस्परांस पुसून टाकतात व बाहेर अंधार राहतो. गुरुत्वीय लहर आली कीं एक बाहु लांबतो, दुसरा आंखडतो, आणि त्या अंधारांत प्रकाशाची तिरीप येते. लांबींतला हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका सूक्ष्म असतो. म्हणून प्रकाश एकदांच धाडून भागत नाहीं. प्रत्येक बाहूंत तो सुमारें ३०० वेळां ये-जा करतो.

येथें चांदीचा आरसा निरुपयोगी ठरतो. दर वेळीं शंभरांतले दोनच भाग गेले असें धरलें, तरी ३०० आपटींनंतर हजारांतले दोन-तीन भाग उरतील. म्हणून आरसा धातूचा नसतो. अतिशुद्ध सिलिकाच्या ४० किलो वजनाच्या चकतीवर दोन निरनिराळ्या पारदर्शक पदार्थांचे पातळ थर एकावर एक चढवितात. प्रत्येक थरावरून थोडा थोडाच प्रकाश परततो, पण थरांची जाडी अशी राखलेली असते कीं परतलेल्या सर्व लहरी एका तालांत मिळतात. असा आरसा तीस लक्ष प्रकाशकणांतला एखादाच गिळतो.

आणि हवा? तीच मोठी अडचण. हवेची घनता क्षणोक्षणीं बदलते, तसा तीमधील प्रकाशाचा वेगहि बदलतो. शिवाय धुळीचा कण आडवा आला कीं प्रकाश विखुरलाच. म्हणून दोन्ही बाहु म्हणजे चार फूट व्यासाच्या पोलादी नळ्या असतात, आणि त्यांतली हवा काढून दाब बाहेरच्या एक लक्ष कोटींव्या भागावर आणावा लागतो. नळ्यांचें कामहि मोठ्या कौशल्याचें: प्रकाश सरळ जातो, पृथ्वी मात्र गोल, ४ किलोमीटरांत जमीन सव्वा मीटर खालीं झुकते, तेवढी कसर पायांत भरून काढावी लागते. "म्हणजे त्या नळींत तुमचा कवडसा दिसणारच नाहीं," नात म्हणाली. खरेंच, एक तर तो लेसर अवरक्त, आणि दुसरें, त्याच्या वाटेंत धूळ कोठची?

थोडा वेळ ती गप्प होती. मग तिनें विचारलें, "पण आजोबा, तिथली जमीन तर हलते ना?"

प्रश्न रास्त होता. २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं हिंगोली जिल्ह्यांत भूकंपाचा धक्का बसला, तेव्हां आमच्या नांदेडच्या घरांतहि फडताळांतलीं भांडीं वाजलीं होतीं. तिचा प्रश्न मात्र तेवढ्यापुरता नव्हता. माझें आजोळ औसा तालुक्यांतलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचें विसर्जन करून लोक निजले असतां, किल्लारीचा भूकंप झाला आणि सुमारें दहा हजार माणसें गेलीं. धक्क्यानें जितकीं गेलीं, त्याहून अधिक त्या हातभर मातीच्या छपरांनीं आणि दोन हात रुंद भिंतींनीं मारलीं. मामा ओसरीवर निजले होते ते वांचले. मामी माजघरांत होत्या. मी तिसऱ्या दिवशीं पोंचलों तेव्हां माजघराच्या जागीं मातीचा ढीग होता. उकरून काढलेलें जातें एका बाजूस पडलें होतें, आणि त्यावर सगळीकडून ऊन पडत होतें. नातीला हें ऐकून ठाऊक आहे.

मीं तिला ठाऊक होतें तेवढें सांगितलें. भूकंपाच्या लहरीहि प्रकाशासारख्याच पदार्थागणिक वेग बदलतात आणि वळतात. पृथ्वीच्या पोटांत काय आहे तें माणसाला त्या वळणांवरूनच कळलें. दुधाळ्यास आरसे जमिनीवर टेकलेले नसतील. एकाखालीं एक अशा चार लंबकांच्या शेवटीं, अर्ध्या मिलिमीटरहूनहि बारीक कांचेच्या तंतूंवर ते टांगलेले असतील, आणि सर्वांत वरच्या बैठकीस जमिनीचे हादरे मोजून उलट हालविणारी यंत्रणा असेल. मोठा धक्का आला तर प्रकाशाची जुळणी मोडेल, व ती कांहीं वेळानें पुन्हा बसवावी लागेल. परंतु जमिनीचा धक्का आकाशांतली लहर म्हणून खपून जाणार नाहीं. कारण हिंगोलीची जमीन हादरली म्हणून त्याच क्षणीं अमेरिकेंतला आरसा हालत नाहीं. खरी लहर सर्व यंत्रांस मिलिसेकंदांच्या अंतरानें लागते, आणि त्या अंतरांवरूनच ती कोणत्या दिशेनें आली तें काढतात. याकरितांच तर इतक्या दूर, पृथ्वीच्या या बाजूस एक यंत्र हवें आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर अशीच हेरली गेली, आणि जगांतल्या दुर्बिणी त्या दिशेस वळल्या, तेव्हां सोन्यासारखीं जड मूलद्रव्यें अशा टकरींत घडतात याचा पुरावा हातीं आला.

"म्हणजे घुमटावरचें सोनेंहि?" तिनें विचारलें.

"घुमटावरचें, आणि तुझ्या आजीच्या पाटल्यांतलेंहि कांहीं."

चाकूर गेलें. तिनें पुस्तक पुन्हा उघडलें नाहीं; खिडकीच्या कांचेवर बोट ठेवून बोटाचें एक प्रतिबिंब दिसतें कीं दोन, हें ती बराच वेळ पाहत होती. मग लातूरचे दिवे लागले, बाहेर उजेड वाढला, कांचेंतला तिचा चेहरा पुसट होत होत दिसेनासा झाला, आणि ती उठून फराळाच्या डब्यांच्या पिशव्या गोळा करूं लागली.